सिंधूची साक्ष

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पाणी, रोजगार आणि शेतमालाचे भाव या विषयांच्या जोडीला मला एका शंभर वर्षांपूर्वीच्या संगीत नाटकावर बोलू द्या, अशी विनंती मी केली तेव्हा संयोजकांना नवल वाटले. नाटक रात्री पाहावे आणि सकाळी विसरून कामाला लागावे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. मला ती पटत नाही. लोक कशाला हसतात, कशाने त्यांचे डोळे भरून येतात आणि कोणत्या वाक्याला ते टाळी देतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे लोकांमधले काम वरवरचेच राहणार. प्रस्थापित मूल्ये कायद्याच्या पुस्तकात जितकी असतात, त्याहून अधिक ती प्रेक्षागृहातल्या हुंदक्यात असतात.

हे नाटक म्हणजे राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला'. नव्याने बसवलेला त्याचा प्रयोग गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या गावी झाला आणि तो मी पाहिला. गडकरी वयाच्या चौतिसाव्या वर्षी, २३ जानेवारी १९१९ रोजी, सावनेर येथे वारले. त्यानंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. म्हणजे आपली ही कृती रंगभूमीवर उभी राहिलेली लेखकाने पाहिलीच नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्या आठवणी मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पदे वि. सी. गुर्जरांची होती. मुळातले पाच अंकांचे, रात्र रात्र चालणारे नाटक आम्ही पाहिलेल्या प्रयोगात अडीच तासांत बसवले होते. पुष्कळ पदे गळली होती, तळीरामाचे विनोद थोडे आखडले होते. तरीही शेवटच्या प्रवेशात प्रेक्षागृह निःशब्द झाले.

तरुण साथींसाठी कथा थोडक्यात सांगतो. सुधाकर हा बुद्धिमान, मानी, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो आणि त्याची सनद काही काळ रद्द होते. त्या अपमानाचा सल विसरण्यासाठी त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो. तेथून घसरण सुरू होते. वकिली जाते, पैसा जातो, मित्र दुरावतात. माहेरची श्रीमंत असलेली त्याची पत्नी सिंधू भावाची मदत घ्यायची नाही या नवऱ्याच्या शब्दाला जागून दळणे दळू लागते. अखेरीस नशेतल्या सुधाकरच्या काठीने तान्हे मूल दगावते आणि सिंधूही मरणाच्या दारी पोहोचते. पोलीस येतात. मरता मरता सिंधू नवऱ्याला वाचवणारी खोटी हकीकत सांगते आणि प्राण सोडते. सुधाकर शेवटच्या पेल्यात विष घालून पितो.

प्रथम गडकऱ्यांचे श्रेय त्यांना देऊ. अतिरेकी भावविवशता, अलंकारांचा हव्यास, योगायोगांची गर्दी हे या नाटकाचे दोष टीकाकारांनी अनेकदा दाखवले आहेत, आणि ते आहेतच. परंतु व्यसनाविषयीचे एक सत्य गडकऱ्यांनी अचूक पकडले होते. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. निश्चय करून, घरच्यांसमोर शब्द देऊन सोडतो. मग काम शोधायला बाहेर पडतो, तर ज्यांच्या पंगतीला तो कालपर्यंत बसत होता ते प्रतिष्ठित लोक त्याला दारात उभे करीत नाहीत. त्या अवहेलनेने खचून तो पुन्हा पेल्याकडे वळतो. व्यसन जडलेल्या माणसासाठी 'थोडीशी' असे काही नसते, पहिला पेलाच निर्णायक असतो, हे सूत्र पुढे १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीने जगभर नेले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी व्यसन हा आजार आहे आणि बऱ्या झालेल्या माणसाला समाजाने पुन्हा आत घ्यावे लागते, हा विचार महाराष्ट्रात रुजवला. 'एकच प्याला'तील नोकरी नाकारणाऱ्यांचा प्रसंग हीच गोष्ट सांगतो. सुधाकरच्या पतनात तळीरामाचा जितका वाटा आहे, तितकाच तोंड फिरवणाऱ्या सभ्य गृहस्थांचाही आहे. पण प्रेक्षक तळीरामाला ओळखतात आणि स्वतःला ओळखत नाहीत.

आता या नाटकाच्या कक्षेबाहेर काय राहते, ते पाहू. सुधाकरच्या हाती पेला तळीराम देतो, हे आपण पाहतो. तळीरामाच्या हाती बाटली कोण देतो, या प्रश्नाकडे नाटकाचा रोख नाही. मुंबई इलाख्यात १८७८ सालचा आबकारी कायदा होता आणि दारू हे सरकारी उत्पन्नाचे भरघोस साधन होते. जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध केला होता. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. १९३० च्या सत्याग्रहात गांधीजींनी हेच काम स्त्रियांवर सोपवले. दारूची वाट केवळ माणसाच्या दुबळ्या मनातून जात नाही, ती सरकारी तिजोरीतूनही जाते, हे या तिघांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आले आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. तो कायदा महाराष्ट्रात आजही नावाने जिवंत आहे, आणि त्याच्याच आधाराने दारूविक्रीचे परवाने दिले जातात. हा विरोधाभास कोणत्याही नाटककाराला सुचला नसता. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा मिळतील, असा अंदाज सांगितला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, बहिणींच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये टाकण्याची योजना सुरू झाली होती. बाईच्या हाती पैसा पडावा याला समाजवाद्याचा विरोध असण्याचे कारण नाही. पण तिजोरीत रुपयावर नाव लिहिलेले नसते. एका हाताने बहिणीला द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्या नवऱ्याच्या पेल्यातून वसूल करायचे, हा हिशेब मांडण्याचा हक्क आपल्याला आहे.

दारूबंदी हाच एकमेव उपाय आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली ती स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर आली आणि २०२१ साली उठवली गेली. बंदी असेल तेथे चोरटी दारू शिरते, आणि बंदी नसेल तेथेही ती गरिबाच्या वस्तीत पोहोचतेच. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. ती कष्टकरी होती. बंदीचा प्रश्न परिस्थिती पाहून सोडवावा लागेल. गावातल्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली तर त्यांच्यामागे पूर्ण शक्तीने उभे राहावे लागेल. याबद्दल आपल्यात फारसे दुमत असेल असे मला वाटत नाही.

दुमत होईल ते पुढच्या मुद्द्यावर. आपण असे गृहीत धरतो की बाटली गेली की सिंधूचे घर सुखी होईल. नाटकाचाही तोच भाव आहे: सुधाकर मुळात देवमाणूस, दारूने त्याचा राक्षस केला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याविषयीचे आकडे आहेत. ज्यांचे नवरे वारंवार पिऊन येतात अशा स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. ज्यांचे नवरे मुळीच पीत नाहीत, त्यांच्यातले प्रमाण २३ टक्के आहे. पहिला आकडा दारूविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा आहे. दुसरा आकडा आपल्याविरुद्धचा पुरावा आहे. शुद्धीवर असलेल्या नवऱ्यांच्या घरातही जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रियांना हे भोगावे लागत असेल, तर हात उचलण्याचा परवाना बाटलीच्याही आधी कोणीतरी दिलेला आहे. दारू तो परवाना वापरायला सोपा करते, इतकेच.

तो परवाना कोठे लिहिला जातो, हे मला या प्रयोगाच्या शेवटी दिसले. पोलीस अधिकारी सिंधूला विचारतो. तिचे मूल गेलेले आहे, ती स्वतः चालली आहे. साऱ्या प्रेक्षागृहाला ठाऊक आहे की हे कोणी केले. आणि सिंधू खोटे सांगते. त्या क्षणी माझ्या मागच्या रांगेतून दाद आल्यासारखा एक सुस्कारा आला. प्रयोगानंतर बाहेर चहाच्या गाडीवर एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "अशी बाई आता व्हायची नाही." त्यांच्या स्वरात खंत होती. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण त्या वाक्यामुळेच आज येथे उभा आहे.

सिंधूच्या त्या उत्तराचा नीट विचार करा. भयाने खोटे बोलणारी बाई आपण समजू शकतो. नवरा तुरुंगात गेला तर खायचे काय, राहायचे कोठे, लोक काय म्हणतील, या भीतीने लाखो स्त्रिया गप्प बसतात. सिंधूला यातले कोणतेही भय उरलेले नाही. मरणाऱ्या माणसाला उद्याची चिंता नसते. तरीही ती खोटे बोलते. याचा अर्थ असा की संस्कार भयाहूनही खोल गेलेला आहे. आपल्या मुलाच्या मृत्यूपेक्षा नवऱ्याची अब्रू मोठी, हे तिला कोणी त्या क्षणी सांगावे लागत नाही. ते तिच्या हाडामांसात भिनलेले आहे, आणि आपण त्यालाच तिची थोरवी म्हणतो.

कायद्याची दृष्टी येथे पाहण्याजोगी आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने मृत्युपूर्व जबाबाला विशेष किंमत दिली. आता २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद आहे. तिच्यामागे जुनी समजूत अशी की मृत्यूच्या दारी उभा असलेला माणूस खोटे बोलत नाही. हा नियम घडवणाऱ्यांनी सिंधू पाहिली नव्हती. आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी मात्र तिला सरकारी रुग्णालयांच्या जळित विभागांत पाहिले आहे. अंगभर भाजलेली बाई, शेजारी नवरा किंवा सासू उभी, आणि जबाब घेणाऱ्यापुढे तिचे ठरलेले उत्तर: स्टोव्हचा भडका उडाला. घरातल्या इतर कोणावर न उडणारा हा भडका नेमका सुनेवरच कसा उडतो, हा प्रश्न स्त्रियांच्या चळवळीने मोठ्याने विचारला, तेव्हा कोठे १९८३ साली भारतीय दंडसंहितेत ४९८ अ हे कलम आले. नव्या भारतीय न्याय संहितेत त्याची जागा ८५ व ८६ या कलमांनी घेतली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये अंमलात आला. नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मिळवण्याची वाट त्याने खुली केली. सिंधूला यातले काहीही उपलब्ध नव्हते.

आजच्या सिंधूला ते उपलब्ध आहे. तरीही वर उल्लेखिलेल्या त्याच पाहणीत असे आढळले की शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ती कधी कोणाला सांगितलीसुद्धा नाही, मदत मागणे तर दूरच. म्हणजे शंभरांतल्या सत्त्याहत्तर जणी सिंधूचाच जबाब देत आहेत. कायदा पुस्तकात पोहोचला, जात्यापर्यंत पोहोचला नाही.

या नाटकात आणखी एक बाई आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती गीता, तळीरामाची बायको. सिंधू सोसते, गीता बोलते. नवऱ्याच्या वागण्याला ती नावे ठेवते, त्याच्या तोंडावर उत्तर देते. प्रेक्षक सिंधूसाठी रडतात आणि गीतेला हसतात. गडकऱ्यांनी तिला विनोदाच्या बाजूला उभे केले, हा त्या काळाचा रिवाज होता: कुलीन स्त्रीने गंभीर राहावे, मोलाची माणसे हास्यासाठी असावीत. पण नीट ऐकले तर या घरात काय चालले आहे ते स्पष्ट शब्दांत सांगणारी गीताच आहे. नवऱ्याला उलट बोलणारी बाई आपल्या वस्तीतही तोंडाळ ठरते आणि तिची तक्रार आपण निम्मी ऐकून सोडून देतो. पुढच्या वेळी तशी बाई शाखेच्या दारात आली, की गीतेची आठवण ठेवा.

मग असे नाटक करूच नये काय? काही तरुण मित्रांचे मत तसे आहे. पातिव्रत्याचा गौरव करणारे नाटक पुन्हा रंगमंचावर कशासाठी, असे ते विचारतात. कोणी म्हणतात, शेवट बदलावा, सिंधूने खरे सांगावे. मला दोन्ही सूचना मान्य नाहीत. शेवट बदलला तर आपल्या समाजाने शंभर वर्षे कशाची पूजा केली, याचा पुरावाच आपण नष्ट करू. हे नाटक जसेच्या तसे व्हावे, चांगल्या गळ्याने गायले जावे. आपले काम पडदा पडल्यावर सुरू होते. आपल्या युवक शाखांनी हे नाटक वस्त्यांतून वाचावे आणि शेवटच्या प्रवेशानंतर एकच प्रश्न विचारावा: सिंधूने खरे सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी तिला या गावात कोणी आसरा दिला असता? उत्तरे देताना लोक सिंधूविषयी बोलणार नाहीत, आपल्या शेजारणीविषयी बोलतील.

आणि ते बोलू लागले की काही गोष्टी आपल्याकडून मागतील. त्यांची तयारी हवी. मारहाण झालेली बाई रात्री बाहेर पडली तर तिने जावे असे एक तरी घर प्रत्येक शाखेला ठाऊक असले पाहिजे. संरक्षण अधिकारी तालुक्यात कोठे बसतो, हे कार्यकर्त्याला माहीत हवे, आणि पहिल्या खेपेला त्याने सोबत गेले पाहिजे. बाईच्या मजुरीचे आणि योजनांचे पैसे तिच्या स्वतःच्या हाती राहतात की नाही, हे पाहिले पाहिजे. व्यसन सोडू पाहणाऱ्या पुरुषाला उपचाराची वाट दाखवणे आणि परत आल्यावर त्याला काम मिळवून देणे हेही आपलेच काम आहे, कारण सुधाकर दुसऱ्यांदा पडला तो कामाच्या शोधातच.

एक गोष्ट कटू आहे, तीही सांगतो. गावकीत असे प्रकरण आले की आपल्यातले अनुभवी, समंजस साथी मध्यस्थी करतात. दोघांना समोर बसवतात, नवऱ्याकडून शपथ घेतात आणि बाईला परत पाठवतात. घर मोडू नये, हा त्यांचा हेतू चांगला असतो. पण सुधाकरनेही शपथ घेतली होती. शपथेवर बाईला परत पाठवताना तिच्या जिवाची जबाबदारी कोण घेणार, हे आपण विचारत नाही. नवरा आपल्या पक्षाचा, आपल्या मोर्च्यात पुढे असणारा असला, तर आपण त्याहूनही कमी विचारतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत पेट्या उतरतात, तेव्हा दुसऱ्यांच्या पेट्यांविरुद्ध आपण ओरडतो. आपल्या उमेदवाराच्या नावाने कोणी उतरवल्या तर काय करायचे, याचा ठराव कोणत्याही शाखेने केलेला माझ्या पाहण्यात नाही. तो या शिबिरात व्हावा, अशी माझी सूचना आहे.

साथींनो, समाजवादाची व्याख्या आपण उत्पादनाच्या साधनांवरून करतो, आणि ती बरोबरच आहे. पण जाते हेही उत्पादनाचे साधन आहे, आणि त्यावर बसलेल्या बाईच्या श्रमाचा मोबदला पेल्यात जातो की तिच्या मुलाच्या ताटात, हा मालकीचाच प्रश्न आहे. जी बाई आपल्या घराविषयी खरे बोलू शकत नाही, ती ग्रामसभेत रेशनविषयी, मजुरीविषयी खरे बोलेल, अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे. तिच्या तोंडून खरे निघावे म्हणून आपण तिला भाषण देण्याची गरज नाही. खरे बोलल्यावर तिचे छप्पर आणि तिची भाकरी शाबूत राहील, एवढी हमी गावाने दिली तर बाकीचे ती स्वतःच बोलेल.

माझे विवेचन येथे संपवतो. दुपारच्या चर्चेत ज्यांचा मतभेद असेल त्यांनी तो जरूर मांडावा. मात्र पहिला तास बहिणींसाठी राखून ठेवावा आणि त्या तासात आपण पुरुषांनी फक्त ऐकावे, एवढी विनंती आहे.